'दामेलो' आणि आपलं 'दिलीस'

स्पॅनिश शिकणाऱ्याचं घोडं हमखास 'दामेलो'पाशी अडतं. 'दा' म्हणजे दे, 'मे' म्हणजे मला, 'लो' म्हणजे तो किंवा ते. तिन्ही चिकटवून एकच शब्द! वस्तू स्त्रीलिंगी असेल तर 'दामेला', आणि 'त्याला दे' म्हणायचं तर 'दासेलो' (इथे 'ले'चं 'से' का होतं ते सरळ पाठ करा, मीही तेच केलंय :) ). वर नकार आला की सगळं सुटं होऊन क्रियापदाच्या आधी जाऊन बसतं: 'नो मे लो देस'.

मी पाहिलेल्या पुण्यातल्या क्लासांत हे इंग्रजीतून शिकवतात. मग जुन्नर-आंबेगावकडून आलेली, मराठी माध्यमातली पोरं मागच्या बाकावर गप्प. इंग्रजी कच्चं, म्हणजे स्पॅनिशही जमणार नाही, अशी त्यांची खात्री. मला नेमकं उलटं वाटतं. इथे आड येते ती इंग्रजीच. 'गिव्ह इट'मधल्या 'इट'ला बिचाऱ्याला लिंगच नाही.

याउलट नारायणगावच्या किंवा मंचरच्या कुठल्याही घरात ऐका: 'भाकर दिलीस?', 'कांदा दिलास?', 'पैसे दिलेस?' कर्म बदललं की क्रियापद बदलतं, आणि शेवटच्या 'स'मध्ये 'तू' बसलेला असतो. शाळेच्या व्याकरणात याला कर्तृ-कर्मसंकर प्रयोग म्हणतात. स्पर्धा परीक्षावाल्यांना आठवेल, बाकीच्यांनी मार्कांपुरता घोकून सोडून दिला असणार. आता 'मला दिलीस?'चं स्पॅनिश करा: 'मे ला दिस्ते?' 'मे' म्हणजे मला, 'ला' म्हणजे ती, आणि 'दिस्ते'च्या पोटात 'तू'. इतकं जवळचं भाषांतर इंग्रजीत करून दाखवा!

फरक आहेत, ते लपवायला नकोत. 'लो', 'ला' ही सर्वनामं आहेत, आपली 'दिली'तली वेलांटी नुसता प्रत्यय. वाक्यात 'भाकर' असली तरी ती येतेच. आज्ञार्थात तर आपलं 'दे' कर्मासाठी ढिम्म हलत नाही. आणि लिंगंही जुळतील असं नाही. टोमॅटो दोन्हीकडे पुल्लिंगी, पण आपली मिरची स्त्रीलिंगी आणि मेक्सिकोतला 'चिले' पुल्लिंगी. कांद्याचं उलटं, तिकडे ती 'सेबोया'. (टोमॅटो-मिरची दोन्ही मूळची तिकडचीच. माल पोचला, लिंग वाटेत बदललं.) असो. पण वस्तूचं लिंग ध्यानात ठेवून ते क्रियापदापर्यंत ओढत न्यायचं, ही सवय इंग्रजी माध्यमवाल्याला मुद्दाम लावून घ्यावी लागते. मंचरच्या पोराला ती तिसऱ्या वर्षीच लागलेली असते.

क्लासवाल्यांनी एवढंच करावं: फळ्यावर 'दामेलो'च्या आधी 'दिलास, दिलीस, दिलेस' लिहावं आणि मागच्या बाकावरच्यांना विचारावं, यात वस्तू कुठे आहे आणि 'तू' कुठे.