वॉकर नावाचा बॅचलर

पाच महिने. तेराशे किलोमीटर. ना गाडी, ना रिझर्व्हेशन, ना नकाशा! ट्रेडमिलवर अर्धा तास काढला की आपण स्वतःवर खूश. हा पठ्ठ्या मात्र सॉलिड निघाला.

कोण हा? यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला तरुण वाघ. कागदोपत्री नाव टी-१ सी-१, लाडाचं नाव ‘वॉकर’. जून २०१९ मध्ये त्यानं घर सोडलं. तेलंगणाची हद्द शिवून तो परत महाराष्ट्रात आला आणि डिसेंबरमध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. एप्रिल २०२० मध्ये त्याच्या गळ्यातली रेडिओ कॉलर काढली, तोवर आकडा तीन हजार किलोमीटरच्या पुढे गेला होता. कशासाठी ही पायपीट? हक्काची जागा, शिकार आणि अर्थातच जोडीदारीण! ज्ञानगंगेत जागा मिळाली, वाघीण मात्र नव्हती.

खरी गंमत पुढेच आहे. एवढ्या वाटेवर सलग जंगल नव्हतंच. होती ती गावं, रस्ते आणि शेतं. गडी दिवसा दडायचा, रात्री चालायचा. दडायला काय? नाल्याकाठची झुडपं, उभी कपाशी, डोक्याएवढी तूर. वाघाला झेपलं ते सशाला, तितराला, मुंगसालाही झेपतं. बांधावर बाभूळ-बोर असली, की पाखरं येतात, पिकावरच्या अळ्या टिपतात. म्हणजे शेताचाही फायदाच.

पण आता जेसीबी लावून बांध सपाट होतात, उरलेलं गवत तणनाशक जाळतं. शेतकऱ्याला नावं ठेवण्याआधी जरा थांबा, बॉस! जमीन थोडी, खर्च जास्त. त्यात त्याच झुडपातून रानडुकरं आणि रोही निघतात, एका रात्रीत पीक आडवं करतात. थंडीत जागल करायची ती त्यानंच. सरकारी भरपाई आहे, पण ती वेळेवर आणि पुरेशी हाती पडली, तरच बांधावरची बाभूळ त्याला परवडणार. वाघाचं कौतुक आपण करायचं आणि बिल त्यानं भरायचं, हे काही बरोबर नाही.

पुढच्या वेळी समृद्धी महामार्गावरून बुलढाणा जिल्हा ओलांडाल, तेव्हा मोबाइल बाजूला ठेवून खिडकीबाहेर बघा. शेतांच्या मधे झाडोऱ्याची हिरवी रेघ कुठे सलग दिसते आणि कुठे तुटते, एवढंच बघा. पुढचा वॉकर त्या रेघेवरूनच येणार आहे.