ओसरीवरून : पदच्छेद आणि अन्वय

संस्कृत शिकविणाऱ्या प्रत्येक शिक्षकास एक गोष्ट अनुभवानें ठाऊक असते. श्लोकाचा पदच्छेद करतांना विद्यार्थी फारसे अडत नाहींत. संधि फोडला, समास सोडविला, पदें एकेक करून फळ्यावर मांडलीं, कीं काम झालें असें त्यांस वाटतें. खरी परीक्षा पुढें असते. तींच पदें पुन्हा एकमेकांशेजारीं बसवून त्यांतून अर्थ उभा करणें, म्हणजेच अन्वय लावणें, हें ज्यास साधलें त्यासच श्लोक कळला. हा नियम मोटारीसही लागू पडतो, हें मात्र मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं, आमच्या खामगांवच्या वाड्यांत समजलें.

आमची मोटार म्हणजे १९६९ सालची फियाट ११००. कै. वडिलांनीं ती घेतली तेव्हां दुकानांत जावें, पैसे मोजावे आणि मोटार घेऊन यावें असा प्रकार नव्हता. नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ला येथील कारखान्यांत ती तयार होई. आरंभीं तर इटलीहून सुटे भाग पेट्यांतून येत आणि येथें केवळ जोडले जात. हळूहळू ते भागही येथेंच होऊं लागले. म्हणजे या मोटारीचें कुळच मुळीं जोडणीचें! पुढें हीच मोटार ‘पद्मिनी’ या नांवानें घराघरांत पोंचली, आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तर ती सर्वांनींच पाहिली. तिचें उत्पादन २००० सालच्या सुमारास थांबलें आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली.

वडील वकिली करीत. बोथ्याच्या घाटानें बुलढाण्याच्या कोर्टांत जावयाचें, तर अर्धा घाट चढतांच रेडिएटर उकळूं लागे. म्हणून पाण्यानें भरलेली कळशी बरोबर असे, आणि सुटीच्या दिवसांत ती मांडीशीं धरून बसण्याचा मान आमच्या धाकट्या भावाकडे असे. त्यास यंत्राची गोडी लागली ती त्या कळशीपासून.

२०११ सालीं त्यानेंच ही मोटार सोडवावयास घेतली. इंजिन तेल खाऊं लागलें होतें. महिन्याभरांत ती पुन्हा उभी राहील, असें तो म्हणाला होता. परंतु त्याच महिन्यांत वाड्याच्या वाटणीचा प्रश्न निघाला. शब्दानें शब्द वाढला, दावा दाखल झाला, आणि त्या दाव्यावर पहिली सही माझी होती. मोटारीची वाटणी कोणी मागितली नव्हती. ती आपोआप झाली. इंजिन माझ्याकडील गोठ्यांत राहिलें. चारही दारें आणि बोनेट मधल्या बंधूंच्या माडीवर गेलीं. मागची बैठक त्यांच्याच ओसरीवर पाहुण्यांस बसावयास झाली. २०१९ सालीं धाकटा भाऊ निवर्तला. त्याच्यामागें राहिलें तें नट-बोल्टांनीं भरलेल्या तेवीस डब्यांचें फडताळ.

त्याची मुलगी शेगांवच्या इंजिनियरिंग कॉलेजांत शिकली. दोन वर्षांपूर्वीं दिवाळीस ती माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, “मोठे काका, बाबांची गाडी मी जोडते. तुम्ही फक्त नाहीं म्हणूं नका.” मीं नाहीं म्हटलें नाहीं. जुन्या जिनांतील एक निवृत्त फिटर दर रविवारीं येऊं लागले, आणि मी चष्मा लावून डबे निवडावयास बसलों.

तेथें मला एक मौज दिसली. भावानें सुरुवातीस जें सोडविलें होतें, त्यांतील प्रत्येक बोल्ट त्यानें ज्याच्या त्याच्या भोकांत परत दोन आटे फिरवून ठेवला होता. ते भाग एका दुपारीं जागीं बसले. पुढें घाईनें किंवा मन उडाल्यामुळें सोडविलेलें सर्व एकाच डब्यांत ओतलेलें होतें. त्या एका डब्यानें आमचे दोन महिने घेतले. आमच्या पूर्वजांस हें संकट ठाऊक होतें. वेदाची संहिता शाकल्यानें पदपाठांत सोडविली खरी. परंतु सुटीं पदें पाठ केलीं तर क्रम चुकण्याची भीति. म्हणून क्रमपाठांत पहिलें पद दुसऱ्यास, दुसरें तिसऱ्यास जोडून म्हणावयाचें. प्रत्येक पद आपल्या शेजाऱ्याचा हात धरून उभें! ज्या बोल्टानें आपलें भोक सोडलें नाहीं, त्यानें क्रमपाठच केला, असें मीं पुतणीस सांगितलें. ती हंसली, पण दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पिशवीवर भागाच्या नांवाबरोबर त्याच्या शेजारच्या भागाचेंही नांव लिहूं लागली.

यंत्रांत कांहीं शब्द समानार्थी दिसतात आणि नसतात. बेअरिंगच्या टोप्या सारख्याच दिसल्या तरी प्रत्येक टोपी आपल्याच जागीं, आपल्याच तोंडानें बसली पाहिजे. कारण कारखान्यांत तीं भोकें टोपी बसवूनच कोरलेलीं असतात. हेडचे बोल्टही एका टोंकापासून आवळीत जावयाचे नसतात. मध्यापासून बाहेर, आणि एका दमांत नव्हे तर दोनतीन फेऱ्यांत आवळावे. नाहीं तर हेड वांकतें आणि गॅस्केट फुटतें.

इतकें सांभाळूनही पहिल्या दिवशीं इंजिन चालूं झालें नाहीं. कार्ब्युरेटरमधून भपकन ज्वाळा मात्र आली. दोष आमचाच होता. या इंजिनास चार सिलिंडर. ठिणगी पहिल्या, तिसऱ्या, चौथ्या व दुसऱ्या या क्रमानें पडते. परंतु क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हां प्रत्येक सिलिंडरांत ठिणगी एकदांच पडावयाची असते. पिस्टन मात्र दोनदां वर येतो : एकदां कोंडलेला वायु दाबीत आणि एकदां जळलेला धूर बाहेर ढकलीत. पुलीवरील खूण दोन्ही वेळां जुळते. आम्हीं दुसऱ्या वेळीं ती जुळलेली पाहिली आणि डिस्ट्रिब्यूटर बसविला. फिटरांनीं पहिल्या सिलिंडरचा प्लग काढला आणि त्या भोकावर मला अंगठा ठेवावयास सांगितला. पुतणीनें पान्यानें पुली फिरविली. एकदां कांहींच झालें नाहीं. दुसऱ्यानें अंगठा जोरानें वर ढकलला गेला. “हें खरें वर येणें, मास्तर,” ते म्हणाले. खूण जुळली म्हणजे अर्थ जुळला असें नव्हे, हें मीं पस्तीस वर्षें मुलांस सांगत आलों होतों.

यानंतर उरलीं दारें. तीं मागावयास कोणी जावें, हा प्रश्न घरांत चार दिवस चालला. अखेर सही ज्याची, पाऊलही त्याचेंच, असें ठरवून मी तेरा वर्षांनीं मधल्या बंधूंची माडी चढलों. काय बोलावें हें ठरवून गेलों होतों. तें कांहींच बोललों नाहीं. “दारें हवीं होतीं,” एवढेंच म्हणालों. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “दादा, चारही घेऊन जा. एकाची कांच माझ्या मुलानें फोडली आहे. ती मी आणवून देतों.”

पुढच्या रविवारीं कांच घेऊन ते स्वतःच आले. दार बसविलें तें लागेना. पुतणीनें बिजागऱ्या तीनदां सोडविल्या. तेव्हां ते म्हणाले, “वरच्या बिजागरीमागें दोन पातळ पत्र्याच्या पट्ट्या होत्या. वडिलांनीं माझ्यासमोर घातल्या होत्या.” त्या पट्ट्या कोणत्याही डब्यांत नव्हत्या, आणि घातलेल्या होत्या हें आमच्यापैकीं दुसऱ्या कोणास ठाऊक नव्हतें. नव्या कापून घातल्या, दार लागलें.

ज्यांच्या घरीं अशी मोटार पडून असेल, त्यांच्यासाठीं दोन शब्द. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठीं वेगळी नोंदणी सुरू केली. क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें असतात, नव्या नोंदणीस वीस हजार रुपये पडतात व ती दहा वर्षें चालते. मात्र वाहन मूळ स्वरूपांत असावें लागतें आणि रोजच्या वापरास वा धंद्यास तें नेतां येत नाहीं. सोडवितांना प्रत्येक टप्प्याचें छायाचित्र घ्यावें, बोल्ट आपल्या भोकांत परत फिरवून ठेवावा, आणि जुनें रबर व तारा यांचा लोभ धरूं नये. घरांतील ज्या वडीलधाऱ्यांनीं ती मोटार चालतांना पाहिली असेल, त्यांस मात्र आधीं विचारून घ्यावें. सर्वच गोष्टी डब्यांत सांपडत नाहींत.

आमची नोंदणी अजून व्हावयाची आहे. म्हणून मोटार तूर्त चौकांतून फाटकापर्यंत जाते आणि परत येते. दावाही अद्याप उभा आहे. पुढील महिन्यांत तारीख आहे. मीं आमच्या वकिलांस तडजोडीचें बोलणें काढावयास सांगितलें आहे. मधल्या बंधूंचें उत्तर आलेलें नाहीं. पण रविवारीं ते येतात, आणि मागची बैठक त्यांनीं स्वतः उचलून आणून दिली आहे.