कावड कोणाच्या खांद्यावर?

आई-वडिलांना वृद्धाश्रमात ठेवणे हाच जिथे अजून कुजबुजीचा विषय आहे, तिथे त्यांना परदेशातल्या शुश्रूषागृहात नेऊन ठेवण्याची गोष्ट काढली, तर ऐकणारा कानांवर हात ठेवील. पण ही गोष्ट गेली वीस-बावीस वर्षे घडते आहे. स्वित्झर्लंड आणि जर्मनी या देशांतली काही मुले स्मृतिभ्रंश झालेल्या आपल्या आई-वडिलांना थायलंडमध्ये नेऊन ठेवतात. २०१२-१३ च्या सुमारास जर्मन वृत्तपत्रांत यावर मोठा गदारोळ झाला आणि ‘आजीची निर्यात’ असा बोचरा शब्दप्रयोगही निघाला.

यावर आपली प्रतिक्रिया ठरलेली असते : ‘त्या लोकांना आई-बापांचे काय हो! आमच्याकडे श्रावणबाळ होऊन गेला.’ असे म्हटले की आपले समाधान होते आणि विषय संपतो. माझे म्हणणे असे, की विषय तिथे सुरू होतो.

प्रथम रोगाविषयी. १९०६ साली आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी एका स्त्रीरुग्णाच्या मेंदूतील बदलांचे वर्णन केले आणि पुढे त्यांचेच नाव त्या रोगाला मिळाले. स्मृतिभ्रंशाचे हे सर्वांत जास्त आढळणारे कारण. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आपण हसतो, तो हा प्रकार नाही. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वेगळे आणि चष्मा कशासाठी असतो हे विसरणे वेगळे. आई रात्री दोन वाजता उठून माहेरी जायला निघते, पोटच्या मुलीला ‘बाई, आपण कोणाच्या?’ असे विचारते, जेवण होऊन घटका झाली नाही तोच उपाशी ठेवल्याची तक्रार शेजाऱ्यांकडे करते. लहान मुलाचे करताना ते उद्या एक पाऊल पुढे टाकील ही आशा असते. येथे प्रत्येक उद्या एक पाऊल मागे असतो, आणि हे पाच-दहा वर्षेही चालू शकते. रोग मुळापासून बरा करणारे औषध अद्याप नाही. तेव्हा उपाय म्हणजे माणसाचे हात, रात्रंदिवस.

हेच गणित मार्टिन वुडट्ली या स्विस गृहस्थांपुढे उभे राहिले. ‘सीमाविरहित डॉक्टर’ या संस्थेतर्फे त्यांनी थायलंडमध्ये चार वर्षे काम केले होते. मायदेशी परतले तेव्हा वडील राहिले नव्हते आणि आईला अल्झायमर जडला होता. त्यांनी आईला बरोबर घेतले, ते उत्तर थायलंडमधील चियांग माईला परत गेले आणि २००३ साली तेथे त्यांनी ‘बान कमलंगचाय’ हे केंद्र काढले. मोठ्या इमारतीऐवजी वस्तीतली साधी घरे, आणि एका रुग्णामागे पाळीपाळीने तीन सेविका, म्हणजे चोवीस तास कोणी ना कोणी जवळ. खर्च मात्र स्वित्झर्लंडच्या मानाने सुमारे एक तृतीयांश, असे २०१३ च्या बातम्यांत आले होते. युरोपातल्या शुश्रूषागृहात एकाच परिचारिकेला अनेकांकडे पाहावे लागते. तिला कोणाचा हात धरून बसायला वेळ कुठला? जर्मनीत १९९५ पासून शुश्रूषेसाठी सक्तीचा विमा आहे, पण तो सगळा खर्च भागवीत नाही, आणि रुग्ण थायलंडला कायमचा राहायला गेला की ती मदतही बंद होते. तरीही लोक जातात, यावरून घरच्या खर्चाचा डोंगर किती असेल ते समजावे.

तेव्हा ही मुले निर्दय आहेत, असे मला म्हणवत नाही. आईजवळ कोणीतरी सतत बसलेले असावे, एवढ्यासाठी जो तिला हजारो मैल नेतो, तो तिला टाकून देतो असे कसे म्हणावे? आणि श्रावणबाळाने तरी काय केले? आई-वडिलांना कावडीत बसवून घरापासून दूरच नेले. त्याची थोरवी अशी, की जायची इच्छा त्यांची होती आणि खांदा त्याचा स्वतःचा होता.

नेमकी येथेच मला अडचण दिसते. चियांग माईच्या कावडीला खांदा कोणाचा? क्रिस्टॉफ बिल्सन या बेल्जियन दिग्दर्शकाने २०१९ साली ‘मदर’ नावाचा माहितीपट काढला. त्यात पॉम नावाची थाई सेविका परक्या देशातल्या वृद्धेला आईसारखे जपते. तिची स्वतःची मुले मात्र तिच्यापासून दूर वाढत असतात. श्रीमंत देशाने आपले ओझे उतरवले, पण ते नाहीसे झाले नाही. दुसऱ्या एका घराच्या दारात जाऊन पडले. पॉमची आई म्हातारी होईल तेव्हा तिच्याजवळ कोण बसेल, हा प्रश्न स्वित्झर्लंडच्या हिशेबात येत नाही.

दुसरी अडचण भाषेची, आणि ती आपल्या सीमाभागाला कोणी समजावून सांगायला नको. या रोगात पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी गळते आणि बालपणीची भाषा शेवटपर्यंत तग धरते. जर्मन बोलणाऱ्या आजीने ‘पाणी’ मागितले आणि ते थाई सेविकेला कळले नाही, तर? सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या मराठी चित्रपटात स्मृती हरवलेले संस्कृतचे प्राध्यापक एका हत्तीमागे चालत जातात आणि त्यांना आधार देते ती कानडी बोलणारी चन्नम्मा. मायेला व्याकरण लागत नाही, हे त्यात फार सुंदर दिसते. पण चित्रपट दोन तासांचा असतो आणि आजार दहा वर्षांचा. आपल्याकडे मराठी आजीला कानडी सेविका आणि कानडी अज्जीला मराठी सून असणे नवलाचे नाही. तिच्या भाषेतले पाणी, दुखते, भीती वाटते एवढे दहा-वीस शब्द शिकून घेणे, ही औषधाइतकीच गरज आहे.

आता आपल्या घरात डोकावू. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीच्या अंदाजाप्रमाणे भारतात साठीच्या पुढचे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. त्यांतले बहुतेक घरीच आहेत, आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण घरी म्हणजे कोणाकडे? मुलगा ‘मी आईला सांभाळतो’ असे सांगतो आणि रात्री उठते ती सून. किंवा नोकरी सोडून राहिलेली अविवाहित मुलगी. किंवा खेड्यातली आपली मुले सासूवर सोपवून शहरात आलेली कामवाली बाई. ती तर आपली पॉमच. २००७ च्या कायद्याने वृद्ध आई-वडिलांना टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण सगळा भार एकाच बाईवर टाकणाऱ्यास कोणती शिक्षा? त्याला तर आपण श्रावणबाळ म्हणतो!

म्हणून अंतर मोजून कोणाला पापी वा पुण्यवान ठरवू नये. मोजायचेच असेल तर तीन गोष्टी मोजाव्यात. एक : समज शाबूत असताना आईला विचारले होते काय? ‘पुढे मला कुठे, कोणाजवळ राहायला आवडेल’ हे रोगाच्या पहिल्या पायरीवर ती सांगू शकते; नंतर विचारणे हा केवळ उपचार. दोन : तिच्या भाषेतला एक तरी माणूस तिच्याजवळ आहे काय? तीन : जो खांदा देतो त्याला पुरता मोबदला, झोप आणि सुट्टी मिळते काय, आणि पैसे धाडणारा मुलगा स्वतः येऊन बसतो काय? या तिन्हींना ‘होय’ असे उत्तर असेल, तर चियांग माईचे घरही घरच आहे. ‘नाही’ असेल, तर वडिलोपार्जित वाड्यातली माजघराशेजारची खोलीही परदेशच.

आपल्यापैकी पुष्कळजण उद्या पुण्या-बंगळूरला, काहीजण अमेरिकेला जातील. प्रश्न तेव्हा दाराशी येईलच. तोवर निदान एवढे करता येईल : सुट्टीत घरी गेल्यावर आजीजवळची एक रात्रपाळी आपण घ्यावी आणि आईला किंवा काकूला सकाळपर्यंत झोपू द्यावे. त्या एका रात्रीनंतर ‘आजीची निर्यात’ करणाऱ्यांविषयी आपण जे मत देऊ, ते ऐकण्यासारखे असेल.