खापर चुकीच्या डोक्यावर



आपल्या रविवारच्या लेखात ब्लड कल्चरच्या, म्हणजे रक्तातले जंतू शोधणाऱ्या चाचणीच्या, खोट्या पॉझिटिव्ह रिपोर्टचे खापर लॅबवर फोडले आहे. यंत्र बाटलीत वाढले तेच सांगते. जंतू बहुतेक वेळा शिरतो तो खाटेपाशी, रक्त घेताना. स्पिरिट वाळण्याआधीच सुई टोचायची, पुसलेल्या जागी पुन्हा बोटाने शीर चाचपायची, बाटलीचे बूच न पुसता तसेच ठेवायचे. मग त्वचेवरचा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस रक्तातला म्हणून मिरवतो. दूषित नमुने 3 टक्क्यांखाली हवेत, हा जुना निकष लेखात नाहीच. ‘कल्चर कमी करा’ हा सल्ला तर अघोरी! दोन जागांहून दोन संच घ्या. असला त्वचेवरचा जंतू एकाच संचात आला, तर व्हॅन्कोमायसिन हे प्रतिजैविक लावण्याआधी रुग्णाकडे बघा. स्टॅफिलोकॉकस ऑरियसला मात्र ही सवलत नाही.

— निवृत्त लॅब टेक्निशियन, मिरज