आधी त्याचं नाव विचारा

भावांनो, कॅम्पमध्ये नवीन माणूस आला की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठला आहे?" उत्तर मिळालं की बाकीचं आपणच ठरवून टाकतो. बंगाली म्हणजे लबाड, पठाण म्हणजे भांडखोर, आफ्रिकन असेल तर चार हात लांब. पुढं वर्षभर त्याला कुणी नावानं हाक मारत नाही. "ए बंगाली, इकडं ये" एवढंच.

आपल्याला कुणी "ए हिंदी" म्हणून हाक मारली, किंवा त्याच कामाला दुसऱ्या पासपोर्टवाल्याला जास्त पगार दिला, की आपलं डोकं फिरतं. फिरायलाच पाहिजे. पण आपल्यावर झाला तर अन्याय आणि दुसऱ्यावर झाली तर चेष्टा, हे कसं काय?

मी ख्रिस्ती आहे. तुम्ही असालच असं नाही, आणि कुणाचा धर्म बदलावा म्हणून मी लिहीत नाही. पण प्रभू येशूनं सांगितलेली एक गोष्ट आपण मजुरांनी ऐकण्यासारखी आहे. एका शास्त्र्यानं त्याला विचारलं होतं की शेजारी म्हणायचं तरी कुणाला. त्यावर त्यानं ही गोष्ट सांगितली.

यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी एका माणसाला अर्धमेला करून टाकलं. याजक आला, बघून पलीकडनं निघून गेला. मंदिराचा सेवक लेवी आला, तोही तसाच गेला. मग आला एक शोमरोनी. यहुदी लोक शोमरोन्यांना बाटलेले समजत, त्यांच्याशी संबंध ठेवत नसत. आपल्याकडचं गावकुस आठवलं ना? त्या शोमरोन्याला कळवळा आला, पण तो तिथंच थांबला नाही. जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून त्याला उताऱ्याच्या जागी नेलं आणि तिथल्या मालकाला चांदीची दोन नाणी दिली. त्या काळी मजुराला दिवसाला असं एक नाणं मिळायचं. म्हणजे परक्या माणसासाठी त्यानं दोन दिवसांची हजेरी मोडली.

शेवटी येशूनं उलट विचारलं, या तिघांतला शेजारी कोण ठरला? शास्त्र्यानं उत्तर बरोबर दिलं, पण 'शोमरोनी' हा शब्द काही त्याच्या तोंडून निघाला नाही. ज्यानं दया केली तो, एवढंच म्हणाला.

साइटवर हा नुसत्या चांगुलपणाचा प्रश्न नाही, जिवाचा आहे. सकाळच्या टूलबॉक्स टॉकमधली हिंदी नेपाळच्या किंवा बांगलादेशच्या पोराला कधीकधी अर्धीच कळते. त्याच्या बोलण्याची रोज नक्कल होत असेल तर तो दुसऱ्यांदा विचारत नाही. मान हलवतो आणि स्कॅफोल्डिंगवर चढतो. वर क्लॅम्प ढिला दिसला तरी तो कुणाला सांगणार? आणि खाली उभे असता तुम्ही. पगार थकला तरी तेच. प्रत्येक देशाची माणसं वेगवेगळी ऑफिसात गेली की कंपनीला प्रत्येकाला वेगळं गुंडाळता येतं.

माझ्या ख्रिस्ती भावांना एक वेगळं सांगतो. आपल्यातल्या कितीतरी जणांचे आजे-पणजे महारवाड्या-मांगवाड्यातून ख्रिस्ताकडं आले. माणूस म्हणून जगता यावं, हेही त्यामागं होतं. चर्चमध्ये केनियाच्या माणसाशेजारी बसून प्रार्थना करायची आणि कॅम्पवर आल्यावर त्याच्यासाठी ग्लास वेगळा ठेवायचा, हे त्यांना तोंड दाखवण्यासारखं आहे का?

मन बदलायला वेळ लागतो. हातानं सुरुवात आजच करता येते. आपल्या गँगमधल्या प्रत्येकाचं नाव शिका. त्याला सूचना कळली का, हे त्याच्याच तोंडून वदवून घ्या. इथं यूएईत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम बंद असतं. त्या वेळात सावलीतली जागा आणि गार पाणी आधी आपल्या गाववाल्यांना, असं करू नका. कुणी आजारी पडला तर क्लिनिकला त्याच्याबरोबर जा, मग तो कुठलाही असो. एखादी हजेरी बुडेल. शोमरोन्याच्या दोन गेल्या होत्या.