पाण्यावरची पंगत

आपल्या घरातल्या पंगतीचा एक अलिखित नियम आहे. वाढणारी बाई शेवटी बसते. पोळी गरम हवी म्हणून ती तव्यापाशी उभी, आमटी कमी पडू नये म्हणून तिचे लक्ष पातेल्याकडे. सगळ्यांची जेवणे आटोपली की उरलेल्या भाजीवर आणि गार पोळीवर ती भागवते आणि वर म्हणते, "मला भूकच नव्हती फारशी." मे महिन्याच्या सुटीत बाहेरगावी गेले तरी हा नियम मोडत नाही, फक्त स्वयंपाकघर बदलते. थंड हवेच्या ठिकाणी बंगला भाड्याने घेतला तर तिथेही तिचा पहिला प्रश्न असतो, "गॅस आहे ना?"

म्हणूनच क्रूझच्या सहलीविषयी लिहिताना समुद्र, सूर्यास्त आणि पोहण्याचा तलाव यांच्याआधी जेवणाच्या टेबलाविषयी लिहावेसे वाटते.

पूर्वी अशा सहलीसाठी सिंगापूर नाहीतर युरोप-अमेरिकेतले एखादे बंदर गाठावे लागे. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' सुरू झाली. सप्टेंबर २०२१ पासून 'एम्प्रेस' हे मोठे जहाज मुंबईहून फेऱ्या करू लागले, आणि हा विषय मध्यमवर्गीय घरांतही बोलला जाऊ लागला. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कोकणच्या आगबोटी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याची गंमत वाटेल. त्या बोटीत डेकवर सतरंजी पसरायची, घरून आणलेल्या दशम्या सोडायच्या आणि आपले बंदर कधी येते याची वाट पाहायची. क्रूझवर कुठे पोहोचायची घाई नसते. जहाज हेच मुक्कामाचे गाव असते.

या गावाचा दिनक्रम ठरलेला असतो. जहाजावर गेल्यावर तुम्हाला एक कार्ड मिळते. तेच केबिनची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच खर्चाचे खातेही. मग सुरक्षेची कवायत. आपले संकटकाळी जमण्याचे ठिकाण कुठे, जीवरक्षक जाकीट कसे घालायचे, हे सगळ्यांना शिकावे लागते. ही टाळायची गोष्ट नव्हे. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे जहाज खडकावर आदळले आणि ३२ जण दगावले. त्या दिवशी चढलेल्या अनेक प्रवाशांची कवायत तेव्हा झालेलीच नव्हती. २०१५ पासून जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच ही कवायत घेण्याचा आंतरराष्ट्रीय नियम आहे.

दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम आदल्या रात्री केबिनमध्ये छापील कागदावर किंवा मोबाइलवर येतो. सकाळी व्यायाम, दुपारी मुलांचे खेळ, रात्री नाटक किंवा संगीत. बंदर आले तर उतरून फिरायचे आणि सांगितलेल्या वेळेआधी परतायचे. जहाज कुणासाठी थांबत नाही. आणि या सगळ्यांच्या मध्ये, आधी आणि नंतर असते ते खाणे.

जहाजावर जेवायच्या मुख्य जागा दोन. एक वरच्या डेकवरचा बुफे. तो सकाळपासून रात्रीपर्यंत बहुतेक वेळ चालू असतो. आपले ताट घ्यायचे, हवे ते वाढून घ्यायचे, रिकामे टेबल शोधायचे. दुसरी जागा म्हणजे मुख्य भोजनगृह. तिथे टेबलावर चादर असते, मेनूचे कार्ड असते आणि वेटर एकेक पदार्थ आणून वाढतो. दोन्हींचे पैसे सहसा तिकिटातच आलेले असतात, आणि हेच पुष्कळांना ठाऊक नसते. भोजनगृहाचा थाट पाहून 'इथे जादा पडणार' असे वाटते, आणि मंडळी रोज बुफेकडेच वळतात.

बुफेला काय होते ते एकदा लांबून पाहा. आई आधी धाकट्याचे ताट भरते. मग सासूबाईंना तिखट नको म्हणून त्यांचे वेगळे वाढून आणते. मोठ्याला पुन्हा पास्ता हवा असतो, यजमानांना दही. चौथ्या खेपेला ती स्वतःचे ताट घेऊन येते तेव्हा बाकीचे हात धुवायला उठलेले असतात. म्हणजे हजारो रुपये मोजून समुद्रावर आलो आणि घरचीच पंगत मांडली!

म्हणून माझी सूचना अशी, की नाश्ता आणि दुपारचे जेवण हवे तर बुफेवर करा, पण रात्री मुख्य भोजनगृहातच बसा. अनेक जहाजांवर तिथे दोन पाळ्या असतात. पहिली सहाच्या सुमारास, दुसरी आठ-साडेआठला. आपल्याला सहा म्हणजे चहाची वेळ, तेव्हा बहुतेक मराठी कुटुंबांना दुसरी पाळी सोयीची. मुले लहान असतील तर मात्र पहिली बरी. तिकीट काढतानाच पाळी सांगून ठेवावी. काही जहाजांवर वेळ ठरलेली नसते, रात्री कधीही गेले तरी चालते. मात्र ठरावीक पाळीचा एक फायदा आहे. रोज तेच टेबल आणि तेच वेटर. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत कुणाला पाण्यात बर्फ नको आणि कुणाला लोणचे हवे, हे त्यांना पाठ झालेले असते.

आमच्या शेजारच्या काकू मुलाकडे सिंगापूरला गेल्या होत्या. तिथून चार रात्रींची क्रूझ करून आल्या. मी विचारले, "काकू, काय काय पाहिलंत?"

"पाहिलं गं पुष्कळ," त्या म्हणाल्या, "पण खरं सांगू? मी बसून जेवले. मुलगा, सून, नातवंडं सगळी समोर, आणि मी मध्ये. तास-सव्वा तास कुणी उठायचं नाही. पहिल्या दिवशी सारखी उठायला बघत होते. सून म्हणाली, आई, बसा हो, तो आणतोय. बेचाळीस वर्षं संसार केला, पण माझा मुलगा किती सावकाश जेवतो, हे मला त्या टेबलावर कळलं."

अशा सहलीत पैशांनी विकत घेण्यासारखी गोष्ट कुठली असेल, तर ती हीच.

शाकाहारी मंडळींची काळजी मात्र खरी आहे, आणि जुनीही. गांधीजी ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून विलायतेला निघाले तेव्हा काटे-चमचे कसे वापरायचे ते त्यांना ठाऊक नव्हते, आणि कुठल्या पदार्थात मांस नाही हे विचारायचे धाडस होत नव्हते. टेबलावर जाण्याऐवजी त्यांनी आपल्या खोलीतच जेवण उरकले, तेही मुख्यतः घरून नेलेली मिठाई आणि फळे खाऊन. आज खोलीत लपण्याचे कारण नाही, पण विचारण्याचे धाडस मात्र हवेच.

तिकीट काढतानाच शाकाहारी किंवा जैन जेवण लिहून मागावे आणि जहाजावर गेल्यावर पहिल्याच संध्याकाळी मुख्य वेटरला पुन्हा सांगावे. नुसते 'व्हेजिटेरियन' म्हणून भागत नाही. पाश्चात्य स्वयंपाकात भाज्यांचे सूप मांसाच्या पाण्यात शिजवलेले असू शकते, थाई पदार्थांत माशाचा अर्क असतो, थरथरणाऱ्या गोडात जनावरांपासून काढलेले जिलेटिन आणि केकमध्ये अंडे. 'मांस नाही, मासे नाहीत, अंडे नाही, दूध चालेल' असे सुटे सुटे सांगावे. कांदा-लसूण किंवा कंदमुळे वर्ज्य असतील तर तेही. बऱ्याच जहाजांवर मुख्य वेटर दुसऱ्या दिवसाचा मेनू आधी दाखवतो आणि सांगितले तर डाळ, भात, भाजी करून देण्याची व्यवस्थाही होते. सोबत चिवडा, खाकरे असे बंद पाकिटातले कोरडे खाणे ठेवावे. घरी शिजवलेले अन्न सहसा आत नेऊ देत नाहीत. इस्त्री आणि विजेची शेगडी आगीच्या भीतीने चालतच नाही. तेव्हा 'मी केबिनमध्येच वरण-भात लावीन' हा बेत घरीच सोडून द्यावा. तेवढीच तुम्हालाही सुटी!

आता खर्चाचे. तिकिटात जेवण आले तरी सगळे आले असे नाही. शीतपेये, मद्य, खास उपाहारगृहे, इंटरनेट आणि बंदरावरच्या सहली यांचे पैसे वेगळे. कार्ड दाखवले की काम होते, पाकीट काढावे लागत नाही, आणि म्हणूनच हिशेब हातातून सुटतो. मुलांच्या कार्डावरची खरेदी बंद करता येते का, ते पहिल्या दिवशीच विचारावे. रोज रात्री खाते पाहावे. अनेक जहाजांवर नोकरवर्गासाठी माणशी रोज ठरावीक सेवाशुल्क आपोआप लागते. ते धरूनच सहलीचा अंदाज करावा, म्हणजे शेवटच्या दिवशी बिल पाहून चेहरा उतरत नाही.

प्रकृतीसाठीही दोन गोष्टी. जहाज लागण्याचा त्रास असेल तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यभागाजवळची केबिन मागावी. तिथे हेलकावे कमी जाणवतात. गोळ्या आपल्या डॉक्टरांना विचारून न्याव्यात, कारण जहाजावरच्या दवाखान्याचे बिल बरेच मोठे येऊ शकते. प्रवासाचा विमाही अवश्य काढावा. दुसरे म्हणजे हात धुणे. हजारो माणसे एकाच चमच्याने वाढून घेतात तिथे उलट्या-जुलाबांची साथ झपाट्याने पसरते. नोरोव्हायरस हा त्यातला नेहमीचा पाहुणा. त्यावर हातशुद्धीच्या द्रवापेक्षा साबण आणि पाणी अधिक परिणामकारक ठरते. भोजनगृहाच्या दाराशी कुणी 'हात धुतलेत का?' म्हणून अडवले तर राग मानू नये.

आणि हे सगळे वाढणारी माणसे कोण? वेटरच्या छातीवरच्या पट्टीवर नावाबरोबर त्याचा देशही लिहिलेला असतो. फिलिपीन्स, इंडोनेशिया आणि भारत हे देश वारंवार दिसतात. भारतीयांमध्ये गोव्याची माणसे पुष्कळ. गोव्यात जहाजावर नोकरी करणाऱ्याला तारवटी म्हणतात. आजोबा, बाप आणि मुलगा तिघेही तारवटी, अशी घरे तिथे आहेत. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गावागावांच्या नावाने चालणारे जे गोवेकरांचे कूड आहेत, तिथे बोटीची वाट पाहत यांच्या पिढ्या राहिल्या.

ही माणसे एकदा चढली की साधारण सहा ते नऊ महिने घरी परतत नाहीत. त्यांना आठवड्याची सुटी अशी नसते. आंतरराष्ट्रीय नियमाने कामाच्या तासांना मर्यादा आहे, पण ती मर्यादा दिवसाला १४ आणि आठवड्याला ७२ तासांची. आपली पंगत उठल्यावर, टेबले पुन्हा मांडून झाली की ती खालच्या मजल्यावरच्या त्यांच्या भोजनगृहात जेवतात. म्हणजे घरातल्या बाईची शेवटची जागा जहाजावर रिकामी राहत नाही, तिथे दुसरे कुणीतरी बसते.

फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' जहाज कोरोनामुळे अडकले, तेव्हा हे जगाला दिसले. प्रवाशांना आपापल्या केबिनमध्ये राहायला सांगितले होते. त्यांच्या दाराशी रोज जेवण नेऊन देत होते ते हेच कर्मचारी. जहाजावर १३८ भारतीय होते, आणि त्यांतले १३२ कर्मचारी होते. सातशेहून अधिक लोकांना लागण झाली, त्यांत वाढणारेही होते.

तेव्हा आपल्या टेबलावरच्या वेटरचे नाव पहिल्या दिवशीच वाचावे आणि नावाने हाक मारावी. चुटक्या वाजवू नयेत. घरी कोण कोण आहे ते विचारावे. मुलांना रोज 'थँक यू' म्हणायला लावावे. सहल संपताना कुणी विशेष केले असेल तर त्याच्या हातात वेगळे काही ठेवावे आणि अभिप्रायाच्या कागदावर त्याचे नाव लिहावे. त्याच्या नोकरीला त्याचा उपयोग होतो.

ताटात टाकू नये, हे तर सांगायलाच नको. पण पैसे भरलेत म्हणून ताट भरण्याचा मोह जहाजावर फार होतो. टाकलेले अन्न बारीक दळून किनाऱ्यापासून निदान तीन सागरी मैलांपलीकडे समुद्रात सोडण्याची नियमात मुभा आहे. जे पान आपण अर्धे टाकतो ते असे बाहेर जाते. थोडे थोडे घ्यावे. वेटर पुन्हा आणून देतो, तेही हसतमुखाने.

सहल संपते, जहाज धक्क्याला लागते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुकरची शिट्टी वाजते. एवढा खर्च करून आल्यावर एक सवय तेवढी घरी आणता आली तर पाहा. आठवड्यातून एका रात्री, रविवारी म्हणा, सगळी पातेली टेबलावर किंवा पाटांच्या मध्ये आणून ठेवा. पाणी मुलांनी घ्यावे, कोशिंबीर यजमानांनी वाढावी, आणि सगळ्यांनी एकदम बसावे. पोळ्या आधी करून डब्यात ठेवाव्या लागतील. त्या थोड्या गार होतील, इतकेच.