तेरा जणी
वर्क फ्रॉम होमच्या कृपेने २०२२ चा जानेवारी मी नगरला, सावेडीत आईच्या घरी काढला. (अहिल्यानगर म्हणायला हवं आता, पण जीभ ऐकत नाही!) सोबतीला मावसबहीण, कॉलेजच्या टीमची गोलकीपर. महिला फुटबॉलचा एशियन कप चक्क महाराष्ट्रात! एरवी आम्ही दोघींनी नवी मुंबई गाठलीच असती. पण स्टेडियममध्ये प्रेक्षकांना बंदी, त्यात एसटीचा संप. मग काय, टीव्ही झिंदाबाद.

२० तारखेला इराणशी ०-० बरोबरी. आपल्या पोरींनी चान्स एवढे घालवले, की बहिणीने उशी भिरकावली. "ताई, रविवारी बघ!"

रविवारी, २३ ला भेळ कालवून बसलो, तर चायनीज तैपेईशी मॅचच नाही. टीममध्ये १२ जणी कोविड पॉझिटिव्ह. नियमाने किमान १३ खेळाडू लागतात, तेवढ्या भरेनात. अख्ख्या स्पर्धेतून बाहेर! इराणची मॅचही रद्दबातल. २०२३ च्या वर्ल्ड कपचं दारही तिथेच बंद.

"म्हणजे आपण हरलो?"

"नाही गं."

"मग?"

बॉस, काय सांगणार? हरलेल्यांच्या नावावर निदान स्कोअर तरी असतो.

५ जुलै २०२५, शनिवार. मी पुण्यात, ट्रॅफिकमध्ये. नगरहून फोन. थायलंडला त्यांच्याच चियांग माईत २-१ हरवलं, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. क्वालिफायर जिंकून एशियन कप गाठायची भारताची ही पहिलीच वेळ.

"ताई, स्कोअर लिहून घे," ती ओरडत होती.